बोल्टच्या भोकातून शिरलेलं पाणी

प्रश्न : माझी मासेमारीची जुनी फायबर बोट आहे. विम्याचं नूतनीकरण झाल्यावर दोन महिन्यांनी मी तिच्या मागे, पोहायला उतरता यावं म्हणून, शिडीसकट प्लॅटफॉर्म बसवून घेतला. ड्रिल मारल्यावर कारागिराने व्हॉट्सॲपवर फोटो टाकला : ‘आतलं प्लायवूड मऊ लागतंय, मोठे वॉशर टाकतो.’ मी लिहिलं, ‘चालेल, हा सीझन जाऊ द्या.’ महिन्याभरात उभ्या बोटीत पाणी भरलं, इंजिन आणि वायरिंग भिजलं. विमा कंपनी म्हणते, बदल लपवलात. कारागीर म्हणतो, बोटच कुजकी होती. तो मेसेज काढून टाकू का?

उत्तर : नाही. तो कारागिराच्या फोनमध्येही आहे. पुरावा पुसल्याचं उघड झालं, की तुमच्या खऱ्या गोष्टींवरही कोणी विश्वास ठेवत नाही. शिवाय तुमच्या ओळीच्या वर त्याची ओळ आहे, हे तुम्ही विसरताय. बोल्ट घट्ट करण्याआधीच लाकूड मऊ असल्याचं त्याला कळलं होतं, हे त्याच्याच शब्दांत लिहिलेलं आहे.

आधी विमा कंपनीचं बघू. विमा काढणाऱ्याने महत्त्वाची माहिती आपणहून सांगायची, हे तत्त्व इंग्लंडमधल्या 1766 च्या कार्टर विरुद्ध बोहम या खटल्यापासून चालत आलं आहे, आणि ब्रिटनच्या 1906 च्या सागरी विमा कायद्यातही ते आलं (तिथे 2015 च्या कायद्याने त्याचं रूप बदललं). पण ही जबाबदारी करार पक्का होईपर्यंतची, म्हणजे नूतनीकरणाच्या वेळची. तुमचा प्लॅटफॉर्म त्यानंतरचा. तेव्हा ‘लपवलंत’ एवढं म्हणून कंपनीला सुटता येणार नाही. मुदतीतला बदल कळवायचा होता, असं पॉलिसीतलं कलम तिने दाखवलं पाहिजे. ते कलम आहे का, आणि न कळवल्यास काय होईल असं त्यात म्हटलंय, हे लेखी विचारा. फोनवर नको.

कंपनीचा खरा आधार दुसराच असेल : झीज. जुनेपणाने आपोआप होणारी झीज सहसा विम्यात येत नाही. म्हणून ‘बोट कुजकी होती’ हे कारागिराचं वाक्य कंपनीला फार आवडेल. प्रश्न असा आहे, की पाणी शिरलं ते लाकूड कुजल्यामुळे, की नव्या भोकांमधून? लाकूड कितीही मऊ असलं तरी वरचा फायबर अखंड असताना बोट तरंगत होती ना?

कारागिराबद्दल मात्र मी तुम्हाला पूर्ण दिलासा देणार नाही. ड्रिलच्या टोकाला कोरड्या भुशाऐवजी तपकिरी, ओला लगदा आला, की जाणत्या माणसाने थांबायचं असतं. मोठा वॉशर दाब पसरवतो, पण कुजलेलं लाकूड त्याच्याखाली चेपत जातं, बोल्ट सैल होतो आणि सीलंट, म्हणजे फट बुजवणारा लेप, सुटतं. हे त्याने तुम्हाला सांगायला हवं होतं. ‘मऊ लागतंय’ म्हणणं आणि ‘पाणी शिरेल’ म्हणणं यात फरक आहे, आणि तुमची बाजू त्या फरकावर उभी आहे. तरीही ‘चालेल’ तुम्ही लिहिलंत. भरपाईचा काही भाग त्यापायी कापला जाईल, असं धरूनच चाला.

आता सर्वांत घाईचं काम. बोट पाण्याबाहेर काढा, इंजिनमधलं पाणी उपसा. नुकसान वाढू न देणं हे तुमचं कर्तव्यच आहे. पण दुरुस्ती करू नका. बोल्ट जागेवर राहू द्या, भोकं बुजवू नका. स्वतंत्र सर्व्हेअर, म्हणजे बोटीची तपासणी करणारा जाणकार, नेमा, पाहणीचा दिवस कंपनी आणि कारागीर दोघांनाही लेखी कळवा. न आले तर पुढे ‘आम्हाला बघू दिलं नाही’ म्हणता येणार नाही. सर्व्हेअरने हातोडीने ठोकून बघताना व्हिडिओ काढा. निरोगी भाग टणटणतो, कुजका थपथपतो. एक गोष्ट त्याला मुद्दाम तपासायला सांगा : प्लॅटफॉर्मच्या वजनाने मागची बाजू खाली बसून डेकवरचं पाणी बाहेर टाकणारी भोकं पाण्याच्या पातळीला आली होती का? पाणी तिथून आलं असेल, तर बोल्टवर रचलेला सगळा दावा डळमळेल. हे आपल्याला आधी कळलेलं बरं.

प्लॅटफॉर्मने बोटीची लांबी वाढून नोंदणीत अडचण येईल, ही काळजी कमी करा. लहान बोटींची मापं घ्यायच्या आयएसओ 8666 या आंतरराष्ट्रीय मानकात, बोटीला धक्का न लावता काढता येणारा असा प्लॅटफॉर्म हलच्या, म्हणजे बोटीच्या मुख्य धडाच्या, लांबीत धरत नाहीत. तरी नोंदणी कार्यालयाला बदल कळवून पोच घ्या.

आणि निकाल लागेपर्यंत त्या शिडीवर कोणालाही पाय ठेवू देऊ नका, गंमत म्हणूनही. आतलं लाकूड कुजलंय हे आता तुम्हालाही माहीत आहे. उद्या कोणी पडलं, तर ‘मला कल्पना नव्हती’ हे उत्तर तुमच्याकडे उरलेलं नाही.