चिडलास ते बरोबर, पण नेमका कशावर?

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. ‘हल्लीच्या परफॉर्मन्स गाड्यांत जीवच नाही,’ असं तू लिहिलंस. मलाही तसंच वाटतं. पण या क्षेत्रात काम करायचं म्हणतोस, तर एवढ्यावर भागणार नाही. जीव कुठल्या भागातून गेला, कशामुळे गेला, हे बोट ठेवून सांगता यायला हवं.

होंडाची एस२००० घे. १९९९ साली आली. दोन लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन, टर्बो नाही, आणि लाल रेषा, म्हणजे इंजिन फिरवायची कमाल मर्यादा, ९,००० आरपीएमवर (मिनिटाला तेवढे फेरे). स्ट्रोक, म्हणजे पिस्टनचा वरून खालपर्यंतचा प्रवास, ८४ मिलिमीटर. आता गणित कर. त्या वेगाला क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा फिरणारा मुख्य दांडा, सेकंदाला १५० फेरे घेतो, म्हणजे प्रत्येक पिस्टन सेकंदात ३०० वेळा थांबून उलट दिशेने निघतो. त्याचा सरासरी वेग सेकंदाला २५ मीटर भरतो. रस्त्यावरच्या, रोज वापरायच्या गाडीत हे करून दाखवणं म्हणजे काय, हे पिस्टन हातात घेतल्यावरच कळतं.

मी ती गाडी एकदाच चालवली. पाच हजारांपर्यंत शहाण्यासारखी चालते, मनात येतं की एवढं कौतुक कशाचं? सहा हजारांच्या आसपास कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा उंचवटा, बदलतो आणि आवाजाची पट्टीच चढते. गिअरचा दांडा तळहातात बारीक थरथरतो. पायाच्या अंगठ्याचा दाब किंचित कमी केला की इंजिन त्याच क्षणी खाली येतं. पाय आणि इंजिन यांच्यामध्ये तिसरं कुणी नसतं. तू ‘जीव’ म्हणतोस तो हा, असं मला वाटतं.

टर्बोत मध्ये एक पंखा येतो. सायलेन्सरकडे निघालेला जळका वायू टर्बाइन फिरवतो, ते कॉम्प्रेसर फिरवतं आणि मग हवा दाबाने आत जाते. दाब तयार व्हायला क्षणभर लागतोच. शिवाय वायूच्या ज्या ठोक्यांतून आवाज घडतो, त्यांची ऊर्जा टर्बाइन खाऊन टाकतं. म्हणूनच २०११ च्या बीएमडब्ल्यू एम५ मध्ये इंजिनाचा आवाज स्पीकरमधूनही ऐकवावा लागला. हे मला अजून पचलेलं नाही.

तरी सरसकट टर्बोला शिव्या घालू नकोस. १९८७ च्या फेरारी एफ४० ला दोन टर्बो होते. तिच्यात जीव नाही असं कुणी म्हटल्याचं मी ऐकलं नाही. गाडी हलकी होती, आणि ताकद यायची ती वरच्या आरपीएमला, धाडकन. आजचा टर्बो दोन हजारांच्या आतच सगळा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, हातात देतो. मग इंजिन वर नेण्याचं कारणच उरत नाही. बिघडलंय ते इथे.

असं का करतात? युरोपात २०२० पासून नव्या गाड्यांच्या कार्बन डायऑक्साइडसाठी किलोमीटरला ९५ ग्रॅमचं सरासरी लक्ष्य आलं. चाचणी रोलर्सवर होते, तीही बऱ्यापैकी हलक्या पायाने. हलक्या भाराला लहान इंजिनाचा पंपिंगमधला तोटा, म्हणजे हवा आत ओढण्यात वाया जाणारी ताकद, कमी, म्हणून आकडा चांगला येतो. प्लग-इन हायब्रिडचा, म्हणजे इंजिन आणि प्लगवर चार्ज होणारी बॅटरी दोन्ही असलेल्या गाडीचा, आकडा आणखी खाली दिसतो, कारण चाचणीतला बराच प्रवास बॅटरीवर झालेला धरतात. मर्सिडीजची सी६३ बघ. आधी ६.२ लिटरचं, आठ सिलिंडरचं व्ही८, वजन पावणेदोन टनांच्या आत. २०२२ मध्ये दोन लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन, मोटर आणि बॅटरी. ताकद ६८० अश्वशक्ती, वजन दोन टनांच्या वर. कागदावर सगळं वाढलं. वळणावर मात्र ते वजन टायरलाच ओढून न्यावं लागतं.

डिझाइनबद्दल थोडक्यात. नाक उंच झालं याला पादचाऱ्यांच्या सुरक्षेचे नियमही कारण आहेत. बोनेट आणि इंजिन यांच्यात डोकं वाचेल इतकी जागा सोडावी लागते, आणि ती सोडायलाच हवी. पण परवा एका नव्या गाडीच्या बंपरवरच्या जाळीत बोट घालून बघितलं, तर नखाला बंद प्लास्टिक लागलं. मागचे रुबाबदार एक्झॉस्टही नुसतेच चिकटवलेले, खरा पाइप आत, जमिनीकडे तोंड करून. हे कुठल्या नियमाने करायला लावलं? राग यायचा तर याचा येऊ दे.

दुरुस्ती होऊ शकते, हेही सांगतो. पोर्शने २०१६ मध्ये केमन-बॉक्सस्टरचं सहा सिलिंडरचं इंजिन काढून चार सिलिंडरचा टर्बो बसवला. लोक कुरकुरले. तीन वर्षांनी जीटी४ मध्ये चार लिटरचं, बिनटर्बोचं सहा सिलिंडरचं इंजिन आलं, तेही उत्सर्जनाचे नवे नियम पाळून. कुणीतरी आत बसून ते बसवून दाखवलं. त्या खुर्चीत तू असावास असं मला मनापासून वाटतं.

म्हणून आत्ता गाड्यांचे व्हिडिओ बघणं थोडं कमी कर. भंगारातलं एखादं चार सिलिंडरचं इंजिन मिळव आणि हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उतरव. इनटेकच्या पोर्टमध्ये बोट फिरवून हवा कुठे अडखळत असेल ते शोध. व्हॉल्व्ह कुठला कुठे होता ते खडूने लिहून ठेव. पहिल्या खेपेला मी ते केलं नव्हतं आणि दोन दिवस वाया गेले. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पुसू नकोस. तसेच ओळीने मांड आणि उजेडात फोटो काढून पाठव. चौथ्या सिलिंडरच्या व्हॉल्व्हचा रंग बाकीच्या तिघांपेक्षा वेगळा दिसतोय का, ते मला बघायचंय.

तुझा,
काका