वाचकांचे प्रश्न : बाठ्यातला भुंगा

प्रश्न : हापूस कापला तर गर स्वच्छ, सालीवर डाग नाही, पण बाठा फोडल्यावर आत काळपट भुंगा निघाला. बंद बाठ्यात तो शिरला कसा? (देवगड)

उत्तर : तो आतच वाढला. हा आंब्याचा कोयकिडा, स्टर्नोकेटस मँगिफेरी. कैरी गोटीएवढी झाल्यापासून निम्मी वाढ होईपर्यंत मादी सोंडेने सालीवर होडीच्या आकाराची खाच पाडते, तीत एकच अंडे ठेवते आणि टोकाशी चंद्रकोरीसारखा, अर्ध्या मिलिमीटरपर्यंतचा छेद देते. त्यातून आलेला चीक अंड्यावर वाळून बसतो. पाच ते सात दिवसांत निघालेली अळी बाठा टणक होण्याआधी गरातून बियेत पोचते. तिची बारीक वाट फळ वाढताना भरून येते, म्हणून गरात खूण उरत नाही. अळी बी खाऊन वाढते, कोषही बाठ्यातच करते. फळ कुजल्यावर भुंगा बाठा पोखरून बाहेर पडतो आणि पुढच्या मोहरापर्यंत सालीच्या भेगांत, बेचक्यांत, पाचोळ्यात दडतो. वर्षाला पिढी एकच.

असा आंबा खायला हरकत नाही. उशिरा पिकणाऱ्या जातींत मात्र भुंगा कधी कधी गर पोखरत बाहेर येतो. गरातच वळवळणाऱ्या पांढऱ्या अळ्या दिसल्या तर ती फळमाशी. तिचा बंदोबस्त वेगळा.

फळांना पिशव्या घालूनही भुंगा सापडला, असे आपण लिहिता. अंड्याएवढ्या फळाला पिशवी घालेपर्यंत बऱ्याच फळांवर अंडी घालून झालेली असतात. आत गेलेल्या अळीला पिशवी काय करणार? खरा उपाय बाठ्यांवरच. गळालेली फळे आणि खाऊन टाकलेले बाठे गोळा करून जाळा किंवा खोल पुरा. बागेच्या कडेला बाठ्यांचा ढीग ठेवणे म्हणजे पुढच्या वर्षाचे भुंगे पाळणे. हा किडा फारसा लांब उडत नाही; तो दूर जातो तो फळांतून आणि बाठ्यांतून.

प्रश्न : कोयकिड्याचे शास्त्रीय नाव कुठे क्रिप्टोऱ्हिंकस, कुठे स्टर्नोकेटस दिसते. एका जुन्या यादीत तर या वंशाचे यजमान झाड (ज्यावर कीड वाढते ते) म्हणून विलो दिले आहे. (पुणे)

उत्तर : कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिसियसने १७७५ मध्ये वर्णन केले तेव्हा हा कर्क्युलिओ मँगिफेरी होता, त्या काळी बहुतेक सगळे सोंडे, म्हणजे लांब सोंडेचे भुंगे, त्याच वंशात जात. पुढे तो क्रिप्टोऱ्हिंकसमध्ये गेला. स्टर्नोकेटस हा वंश पिअर्सने १९१७ मध्ये मांडला. विलो आणि पॉप्लरच्या खोडात शिरणारा लापाथी नावाचा सोंडाही मधल्या काळात काही लेखक याच वंशात ठेवत. आज तो क्रिप्टोऱ्हिंकसमध्ये आहे. यादीतला विलो त्याचा. तो खोडून टाका.

कोयकिड्याचे यजमान मँगिफेरा, म्हणजे आंब्याचा वंश. प्रयोगशाळेत मादी बटाट्यावर, पीचवर, लिचीवरही अंडी घालते, पण तिथे अळी प्रौढ होत नाही. यजमानांची यादी वाचताना कीड तिथे वाढून बाहेर पडली का, एवढेच बघावे.

प्रश्न : इथे आंब्याच्या गरातच सोंडा सापडतो. तोच का हा? (गुवाहाटी)

उत्तर : बहुधा स्टर्नोकेटस फ्रिजिडस. तो गर खातो, त्यामुळे फळ वाया जाते. ईशान्य भारत, बांगलादेश, आग्नेय आशिया आणि फिलिपिन्सचे पलावान बेट ही त्याची ठिकाणे. मँगिफेरी, म्हणजे आपला कोयकिडा, मात्र भारतातून आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, हवाई, कॅरिबियनपर्यंत पसरला आहे. आकाराने थोडा अंदाज येतो : मँगिफेरी साधारण साडेसात ते साडेनऊ मिलिमीटर, फ्रिजिडस त्याहून लहान. दोघेही सोंड छातीखालच्या खाचेत दुमडून मेल्याचे सोंग घेतात, तेव्हा फोटोवरून जात सांगायला जाऊ नका. नमुने अल्कोहोलमध्ये ठेवा. खात्रीसाठी नराचे पोट सोडवून दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये गरम करतात आणि जननेंद्रिय सूक्ष्मदर्शकाखाली बघतात.

प्रश्न : विकिरण करून (कीड रोखण्यासाठी किरणांचा मारा करून) आलेल्या हापूसच्या बाठ्यात जिवंत भुंगा दिसला. प्रक्रिया फसली का? (न्यू जर्सी)

उत्तर : तेवढ्यावरून तसे म्हणता येत नाही. २००७ पासून अमेरिकेला जाणाऱ्या भारतीय आंब्यांना किमान ४०० ग्रे (ग्रे हे किरणांची मात्रा मोजायचे एकक) मात्रा देतात. तिचा हेतू किडा जागीच मारणे हा नसून त्याची पुढची पिढी होऊ न देणे हा आहे. भुंगा काही दिवस हालचाल करू शकतो.