जुनी पोर्शे घेऊ का?

प्रश्न : दादा, मुलुंडला राहतो, २००७ची बॉक्स्टर मिळतेय, एमएच-०२ पासिंग, रनिंग कमी, पॉलिश तर एकदम चकाचक. घ्यावी का? बायको नको म्हणते. – एक वाचक

उत्तर : वहिनींचं निम्मं ऐका! पॉलिशवर भाळू नका हो, आधी सीटखालचं कार्पेट हाताने दाबून बघा, कारण या गाडीच्या कापडी छताची पाणी जायची भोकं कचऱ्याने तुंबतात आणि आपला पाऊस म्हणजे, सांगायला नको, पाणी थेट आत. कुबट वास आला तर सरळ घरी या. दुसरं म्हणजे २००८पर्यंतच्या इंजिनात आयएमएस, म्हणजे इंजिनातल्या मधल्या शाफ्टचं, बेअरिंग असतं, ते गेलं की इंजिनच जातं, म्हणून ऑइल फिल्टर कापून आत धातूचा चुरा आहे का ते जाणकार मेकॅनिककडून बघूनच घ्या, मालक नाही म्हणाला तर समजून जा काय ते. इंजिन थंड असतानाच स्टार्ट करायला लावा. टायर कधी बनला ते सांगणारे त्यावरचे चार आकडे वाचा, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. आणि हो, पंधरा वर्षं उलटलीत, आरसी रिन्यू झालीय ना? नसेल तर टोकनसुद्धा देऊ नका.