आफ्रिकेत फूड सेफ्टीच्या लॅब खरंच चांगल्या असतात का? जोहान्सबर्गला मायक्रोबायोलॉजीची नोकरी घ्यावी का?

उत्तर लिहिणार नव्हते, पण प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय ना, "मामा म्हणतात तिकडे कसल्या आल्यात लॅब, सगळे सॅम्पल युरोपला पाठवत असतील", ते वाचून राहवलं नाही. माझ्या दिराने सेम हेच ऐकवलं होतं, तेही भर जेवणात.

मी सांगलीची, एमएस्सी मायक्रो. नवऱ्याची बदली जोहान्सबर्गला झाली म्हणून गेले आणि तिथल्या एका खाजगी फूड टेस्टिंग लॅबमध्ये लागले. त्याच काळात, २०१७-१८ ला, तिकडे लिस्टेरियाची साथ आली (खाण्यातून पोटात जाणारा जंतू तो). नोंद झालेला जगातला सगळ्यात मोठा लिस्टेरियाचा उद्रेक, १०६० रुग्ण, २१६ मृत्यू, आणि रुग्णांत चाळीसेक टक्के तर महिन्याच्या आतली बाळं. मामा म्हणतील, बघ, मी काय सांगत होतो. पण मामांना सांगा की तो शोधला कोणी ते पण विचारा.

लिस्टेरिया शोधणं म्हणजे डोकेदुखी असते. खाल्ल्यापासून आजारी पडेपर्यंत कधी कधी ७० दिवस जातात, दोन महिन्यांपूर्वी काय खाल्लं होतं कोणाला आठवणार. तरी एनआयसीडीने, म्हणजे त्यांच्या सरकारी संसर्गरोग संस्थेने, पेशंटना गाठून गाठून विचारलं, १०९ पैकी ९३ जणांनी रेडी टू ईट मीट खाल्लं होतं आणि त्यात पोलोनी सगळ्यात जास्त. पोलोनी म्हणजे जाड गुलाबी सॉसेज, स्वस्त, गरिबाचं खाणं. सोवेटोत, म्हणजे जोहान्सबर्गच्याच एका वस्तीत, पाव कोरून त्यात चिप्स, पोलोनी आणि आंब्याचं लोणचं (हो, लोणचंच) भरून खातात, त्याला कोटा म्हणतात. पोलोनी थंडच खातात, आणि हा जंतू फ्रिजमध्ये पण आरामात वाढतो.

मग जानेवारी २०१८ मध्ये सोवेटोच्या एका पाळणाघरातली नऊ पोरं ताप-जुलाब घेऊन तिथल्या ख्रिस हानी बारागवानाथ हॉस्पिटलला आली. तिथल्या डॉक्टरांना संशय आला, त्यांनी स्टूल कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून बघायला, पाठवलं, आरोग्य निरीक्षक पाळणाघरात जाऊन फ्रिजमधली पोलोनीच उचलून घेऊन आले. दोन्हीत लिस्टेरिया. तिथून माग काढत पोलोक्वाने शहरातला पोलोनीचा कारखाना गाठला, आणि जोहान्सबर्गमध्येच जीनोम सिक्वेन्सिंग करून, म्हणजे जंतूचा अख्खा डीएनए वाचून, एसटी-६ हा लिस्टेरियाचा एकच प्रकार जुळवला, जो सिक्वेन्स केलेल्या पेशंटपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांत होता. ४ मार्च २०१८ ला आरोग्यमंत्र्यांनी कारखान्याचं नाव घेऊन जाहीर सांगितलं. युरोपला विचारायला थांबले नाहीत.

त्यानंतरचे आठवडे आमच्या लॅबमध्ये जे झालं ते विचारू नका. अख्ख्या गाउटेंगमधल्या (जोहान्सबर्गचा प्रांत) कंपन्यांना एकदम स्वॅब, म्हणजे कारखान्यातून पुसून घेतलेले नमुने, टेस्ट करून हवे होते, फ्रेझर ब्रॉथ (लिस्टेरिया वाढवायचं द्रावण) संपला, सप्लायर फोन उचलेना. क्लायंट म्हणायचे रिपोर्ट आज द्या. अहो, आधी हाफ फ्रेझर, मग फ्रेझर, मग प्लेट, मग ती निळसर हिरवी कॉलनी आणि भोवतीचं कडं दिसणार, मग कन्फर्मेशन, आज कसा देणार? एक जण तर म्हणाला पॉझिटिव्ह आला तर परत लावा, निगेटिव्ह आला की तोच पाठवा. आमच्या सीनियर टेक्निशियन, सोवेटोच्याच, त्यांनी सरळ नाही सांगितलं आणि तो क्लायंट गेला, तर जाऊ दिला. स्वॅब कुठून घ्यायचा हे पण मी त्यांच्याकडूनच शिकले. चकचकीत टेबलावरून नाही घ्यायचा, ड्रेनमधून, स्लायसरच्या पात्यामागून, ट्रॉलीच्या चाकावरून, चिलरखाली थेंब पडतात तिथून. माझ्या एमएस्सीत हे कोणी शिकवलं नव्हतं.

आता दीर. पुण्याजवळ एका फूड कंपनीत क्यूएला, म्हणजे क्वालिटी बघायला आहे, पनीर-बिनीर. म्हणे आमच्याकडे कधीच लिस्टेरिया आला नाही. मी विचारलं ड्रेनचा स्वॅब घेता? म्हणे ड्रेनचा कशाला, ड्रेन कोण खातंय. २५ ग्रॅम पनीरमध्ये निगेटिव्ह आला की झालं म्हणे. शोधायचंच नाही आणि वर सापडत नाही म्हणून मिरवायचं! सापडला तो देश मागास आणि आपण पुढारलेले, हे काय लॉजिक आहे मला आजपर्यंत कळलेलं नाही.

बरं, तुमची नोकरी. माझं मत, घ्या. आता जरा पाणी घालते त्यात: मी एका शहरातल्या एका लॅबबद्दल बोलतेय, आफ्रिका म्हणजे ५४ देश. २०१४ ला गिनीतल्या इबोलाचे पहिले सॅम्पल फ्रान्सलाच गेले होते, तेही खरं. आणि मी होते तेव्हा जोहान्सबर्गमध्ये लोडशेडिंग असायचं (२०१९ च्या मार्चमध्ये स्टेज ४ ची मोठी वीजकपात होती, तेव्हा इन्क्युबेटरपायी आम्ही जनरेटरच्या डिझेलसाठी भांडत होतो), रात्री एकटं फिरायचं नाही, व्हिसाला वेळ लागतो. पगाराचं मला आताचं विचारू नका.

इंटरव्ह्यूमध्ये मशीन कुठलं आहे विचारत बसू नका. पॉझिटिव्ह आला तर रिपोर्ट कोणाकोणाला जातो ते विचारा. दिराला मी विचारलं होतं, तर म्हणाला "आधी मॅनेजमेंटला". मग पुढे? तर म्हणे वहिनी, कोशिंबीर द्या.