सरकारी पैसा, खासगी शाळा : पालकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही भाड्याच्या घरात राहतो. मुलीसाठी आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत राखलेल्या, २५ टक्के मोफत जागांचा अर्ज भरायचा आहे. शेजारच्या मुलाला लॉटरीत शाळा लागली होती, पण पडताळणीत प्रवेश गेला. आम्ही काय सांभाळावं? (हडपसर)

उत्तर : लागलेली शाळा हातची जाते ती बहुतेक वेळा पत्त्यामुळे. भाडेकरार दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलाच लागतो. मुद्रांकावर नोटरी करून आणलेला करार पडताळणी समिती बाजूला ठेवते. मुदत किमान ११ महिन्यांची आणि तारीख अर्ज भरण्याच्या आधीची हवी. लॉटरी लागल्यावर धावतपळत नोंदवलेल्या कराराचा काही उपयोग नाही.

मग येतो नकाशा. पोर्टलवर घराच्या जागी पिन टाकायची असते आणि त्यावरून शाळेचं अंतर ठरतं. आधी १ किलोमीटरच्या आतली मुलं, जागा उरल्या तर १ ते ३ किलोमीटरची. त्यामुळे पिन हळूच शाळेकडे सरकवण्याचा मोह होतो, सायबर कॅफेवाला तसं सुचवतोही. समिती करारातला पत्ता आणि पिन ताडून बघते. फरक निघाला की प्रवेश रद्द. पिन स्वतः टाका, इमारतीवरच टाका.

तुम्ही कोणत्या गटातून अर्ज करता ते आधी ठरवा. अनुसूचित जाती-जमाती, विमुक्त-भटके, इतर मागास, विशेष मागास किंवा दिव्यांग मूल वंचित गटात येतं. तिथे उत्पन्नाचा दाखला मागत नाहीत. खुल्या गटासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ लाखाच्या आत हवं आणि त्याचा तहसीलदाराचा दाखला हवा. परराज्यातला जातीचा दाखला चालत नाही. तुमचं कुटुंब बाहेरून आलेलं असेल तर इथेच अडाल.

शाळा जास्तीत जास्त १० निवडता येतात. एकाच मुलीचे दोन अर्ज भरले तर दोन्ही बाद होतात. एक आईच्या मोबाइलवरून आणि एक बाबांच्या, असं करू नका. शाळा लागूनही प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या फेऱ्यांत नाव येत नाही. म्हणून जिथे मुलीला खरोखर पाठवणार नाही, ती शाळा यादीत नकोच. आणि एसएमएसच्या भरवशावर राहू नका. लॉटरीनंतर पोर्टलवर अर्जाची स्थिती स्वतः पाहा.

प्रश्न : मुलगा आरटीईतून तिसरीत शिकतो. शाळा म्हणते, सरकारकडून पैसे आलेले नाहीत, तुम्ही निदान अर्धी फी भरा. भरावी का? (नाशिक)

उत्तर : नाही. प्रतिपूर्तीचा, म्हणजे या मुलांच्या फीपोटी सरकार शाळेला देतं त्या पैशांचा, हिशेब शाळा आणि सरकार यांच्यातला आहे. कायद्याच्या कलम १२(२) प्रमाणे सरकार स्वतः एका मुलावर करतं तो खर्च किंवा शाळेची प्रत्यक्ष फी, यांतली कमी असेल ती रक्कम शाळेला मिळते. राज्याने हा दर १७,६७० रुपये धरलेला आहे. म्हणजे १२ हजार फी घेणाऱ्या शाळेला १२ हजारच आणि ६० हजारवालीलाही १७,६७०च. वर तेही वेळेवर येत नाहीत. संस्थाचालकांची ओरड खोटी नाही, हे मान्यच करायला हवं. कधी कधी मात्र शाळेची आरटीई मान्यता, म्हणजे नमुना २, नूतनीकरणाविना पडून असते आणि पैसे त्यामुळे अडलेले असतात. तेही विचारून बघा.

सरकारने या खर्चातून अंग काढून घ्यायचा प्रयत्न केला होता. सरकारी किंवा अनुदानित शाळेच्या १ किलोमीटरच्या आत असलेल्या खासगी शाळांना या २५ टक्के जागांतून सूट देणारी अधिसूचना ९ फेब्रुवारी २०२४ ला निघाली. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलैला ती रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही.

रोख रक्कम देऊ नका. मागणी लेखी मागा. मिळाली नाही तर तुम्हीच पत्र लिहून आवक शिक्क्याची प्रत ठेवा. तक्रार महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे, ग्रामीण भागात गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे. कलम ३२ नुसार निर्णय तीन महिन्यांत व्हायला हवा. नाही पटला तर राज्य बालहक्क आयोगाकडे अपील. पाठ्यपुस्तकं, लेखनसाहित्य आणि गणवेश नियमांनुसार मोफत आहेत. बस किंवा सहल हा वेगळा खर्च.

एक गोष्ट शाळा आपणहून सांगत नाही. हे संरक्षण आठवीपर्यंतच आहे, नववीत पूर्ण फी सुरू होते. सातवीतच ती रक्कम विचारून ठेवा.

प्रश्न : जवळची ख्रिस्ती संस्थेची शाळा आरटीईच्या यादीतच नाही. अनुदान घेते, मग सूट कशी? आणि तिथली प्रार्थना माझ्या मुलीला सक्तीची आहे का? (वसई)

उत्तर : सर्वोच्च न्यायालयाच्या ६ मे २०१४ च्या प्रमती खटल्यातल्या निकालाने अल्पसंख्याक शाळा, अनुदानित असोत वा नसोत, आरटीई कायद्याबाहेर काढल्या. यात फक्त धार्मिक नव्हे, भाषिक अल्पसंख्याकही येतात. गुजराती किंवा सिंधी संस्थांच्या शाळा त्यामुळेच यादीत दिसत नाहीत. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी या निकालाबद्दल शंका घेऊन प्रकरण मोठ्या पीठाकडे जावं म्हणून सरन्यायाधीशांपुढे ठेवायला सांगितलं. पण नुसत्या शंकेने निकाल बदलत नाही. मदरसे आणि वेदपाठशाळा यांना २०१२ च्या दुरुस्तीनेच वगळलं आहे.

अनुदान हा वेगळा रस्ता आहे. संस्था अल्पसंख्याकांची आहे एवढ्यावरून अनुदान नाकारता येत नाही, हे घटनेचं कलम ३०(२). आणि कलम २८(३) सांगतं की मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत पालकाच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षणाला वा उपासनेला बसवता येणार नाही. संमती नसल्याचं पत्र मुख्याध्यापकांना द्या, दोन ओळी पुरतात.

प्रश्न : एकाच आवारात त्याच संस्थेच्या दोन शाळा आहेत. अनुदानित कोणती, हे कसं ओळखायचं? (सांगली)

उत्तर : पाटीवरच्या नावावरून ओळखू येत नाही. मराठी माध्यमाची अनुदानित, इंग्रजी माध्यमाची स्वयंअर्थसहाय्यित (अनुदानाविना, स्वतःच्या पैशावर चालणारी) आणि मैदान एकच, असं सर्रास असतं. दोन्हींचा ११ अंकी यू-डायस क्रमांक, म्हणजे शाळेचा सरकारी नोंदीतला क्रमांक, वेगळा असतो. तो मागा आणि त्या क्रमांकाची शाळा अनुदानित, अंशतः अनुदानित की स्वयंअर्थसहाय्यित, ते गटशिक्षणाधिकारी कार्यालयात विचारा. अंशतः असेल तर टप्पाही विचारा, म्हणजे अनुदान किती टक्के. शिक्षकांचा उरलेला पगार संस्थेला उभा करावा लागतो, आणि तो बहुधा ‘विकासनिधी’ या नावाने पालकांकडे येतो. अनुदानित शाळेत घातलेलं मूल पुढे गुपचूप शेजारच्या इंग्रजी तुकडीत सरकवलं जात नाही ना, हे निकालपत्रावरचा यू-डायस क्रमांक दरवर्षी पाहून कळतं.