ओपनएसबीआय येतं, पुढं सगळं गप्प

प्रश्न: मी रोज खानापूरहून बेळगावला कॉलेजला येते. इलेक्ट्रॉनिक्सचं पाचवं सेमिस्टर आहे. सीनियर्सनी एफपीजीएवर (हवं ते सर्किट उतरवता येणारी चिप) केलेल्या ६४ बिटी रिस्क-फाइव्ह (खुल्या सूचना-संचाच्या) प्रोसेसरवर लिनक्स कर्नल (लिनक्सचा मुख्य भाग) चालवायचा प्रोजेक्ट घ्यावा म्हणते. कर्नलच्या आधी चालणाऱ्या ओपनएसबीआय या फर्मवेअरचा लोगो दिसतो, त्यानंतर एक अक्षर येत नाही. या कामात नोकरी आहे का? दहावीपर्यंत मराठी माध्यम, इंग्रजीत ईमेल लिहायची भीती वाटते. बाबांचं उद्यमबागेत जॉबवर्कचं युनिट आहे. ते म्हणतात, कॅम्पसला मिळेल ती नोकरी घे.

उत्तर: नोकरी आहे, पण ‘कर्नल पोर्टिंग’ (कर्नल नव्या प्रोसेसरवर चालता करणं) या नावानं शोधलीस तर सापडणार नाही. जाहिरातीत बीएसपी (बोर्ड सपोर्ट पॅकेज) इंजिनिअर, एम्बेडेड लिनक्स, फर्मवेअर, पोस्ट-सिलिकॉन (तयार चिपची तपासणी) असे शब्द असतात. जागा मुख्यतः बेंगळुरू, हैदराबाद, पुण्यात, आणि फ्रेशरला थोड्या. म्हणून बाबांचं ऐक, कॅम्पसला बस. पण प्रोजेक्ट हाच घे. मुलाखतीत ‘बोर्ड गप्प झाला तेव्हा तू काय केलंस?’ हा प्रश्न येतो, आणि त्याचं उत्तर सर्टिफिकेटात मिळत नाही.

आधी एक गैरसमज काढू. रिस्क-फाइव्हचं पोर्टिंग मुख्य लिनक्समध्ये ४.१५ आवृत्तीपासून, म्हणजे जानेवारी २०१८ पासून आहे. तुला अख्खं पोर्टिंग करायचं नाही. तुमचा कोअर, म्हणजे सीनियर्सचा प्रोसेसर, स्पेसिफिकेशनप्रमाणे वागतो का आणि डिव्हाइस ट्री (बोर्डावर काय काय आहे याची कर्नलला दिलेली यादी) खरं सांगते का, एवढंच तपासायचं आहे. काम तेवढ्यानंही वर्षभर पुरेल.

बाबांच्या युनिटमध्ये नव्या कास्टिंगचा पहिला पीस बिघडला तर प्रोग्राम, टूल आणि फिक्श्चर एकदम बदलत नाहीत. इथंही तसंच. पहिल्यांदा तोच कर्नल क्यूईएमयूच्या (लॅपटॉपवरच आभासी बोर्ड चालवणारा प्रोग्राम) ‘व्हर्ट’ मशिनवर बूट कर, बिल्डरूट या साधनानं केलेल्या छोट्या बिझीबॉक्स इनिटरॅमएफएससह (मेमरीतूनच चालणारी छोटी फाइल सिस्टिम). लॅपटॉपला ८ जीबी रॅम आणि २५ जीबी मोकळी जागा असली की भागतं. मग त्याच एफपीजीए बोर्डावर लाइटएक्स या खुल्या प्रकल्पातला व्हेक्सरिस्कव्ही हा तयार कोअर चढव; आर्टी ए७ सारख्या बोर्डांसाठी तो तयार मिळतो. तो ३२ बिटी आहे, तरी डीडीआर मेमरी, क्लॉक, सिरिअल धड आहेत की नाही ते त्यावर कळतं. सीनियर्सचा कोअर तिसऱ्या पायरीला.

आता तुझ्या गप्प पडद्याकडे येऊ. ओपनएसबीआय जी माहिती छापतं, त्यात ‘नेक्स्ट अ‍ॅड्रेस’ची ओळ असते. क्यूईएमयूवर तिथं हेक्समध्ये ८०२००००० दिसेल. ६४ बिटी कर्नल २ एमबीच्या हद्दीवरच बसवावा लागतो. तुमच्या बोर्डावरचा पत्ता त्यात बसतो का आणि इमेज खरोखर तिथंच लोड झाली का, ते बघ.

दुसरा संशय डिव्हाइस ट्रीवर घे. कर्नलला ए० रजिस्टरमधून हार्टचा (प्रोसेसरमधला एक स्वतंत्र सूचना-प्रवाह) क्रमांक आणि ए१ मधून डिव्हाइस ट्रीचा पत्ता मिळतो. पुष्कळ जण इमेज फाइल संपली की लगेच पुढं डिव्हाइस ट्री ठेवतात. पण मेमरीत कर्नल फाइलपेक्षा मोठा असतो, कारण बीएसएसची (सुरुवातीला शून्य असणाऱ्या व्हेरिएबल्सची) जागा फाइलमध्ये नसते. सुरुवातीलाच कर्नल ती जागा शून्य करतो आणि त्यात डिव्हाइस ट्री पुसली जाते. ती बऱ्याच एमबी लांब ठेव.

तिसरी जागा एमएमयू (व्हर्च्युअल पत्त्यांचे भौतिक पत्ते करणारा भाग) चालू होण्याची, आणि घरगुती कोअर सगळ्यात जास्त इथंच अडकतात. हेड डॉट एस फाइल बघ: कर्नल आधी एसटीव्हेकमध्ये (ट्रॅप, म्हणजे अडचण आली की कुठं जायचं ते सांगणारं रजिस्टर) व्हर्च्युअल पत्ता भरतो, मग एसएटीपी (एमएमयू चालू करणारं रजिस्टर) लिहितो. त्या क्षणी चालू असलेला भौतिक पत्ता नकाशात नसतो, पेज फॉल्ट येतो, आणि त्या ट्रॅपमधूनच कर्नल व्हर्च्युअल पत्त्यावर उडी घेतो. हा फॉल्ट मुद्दाम घडवलेला आहे. कोअरनं तो नीट उचलला नाही, किंवा पाइपलाइनमध्ये आधीच आणलेल्या सूचना भलतीकडं गेल्या, तर कसलाही मेसेज न देता सगळं थांबतं. वेव्हफॉर्ममध्ये (सिग्नलच्या आलेखात) एसएटीपी लिहिल्यानंतरच्या सायकल बघ. पीसी (प्रोग्राम काउंटर, चालू सूचनेचा पत्ता) एसटीव्हेकमधल्या पत्त्यावर पोचतो का, एवढं दिसलं की निम्मा प्रश्न सुटला.

दरम्यान कर्नलच्या कमांड लाइनवर अर्लीकॉन (सुरुवातीपासून मेसेज छापणारा पर्याय) चालू ठेव, म्हणजे एमएमयूच्या पुढं गेलीस की अक्षरं दिसू लागतील. मधेच कचरा अक्षरं आली तर डिव्हाइस ट्रीत यूएआर्टच्या (सिरिअल पोर्टच्या) नोडमधला क्लॉक-फ्रीक्वेन्सी आकडा चुकलाय. यूएआर्टची रजिस्टरं चार-चार बाइटांवर असतील तर त्याच नोडमध्ये रेग-शिफ्ट २ हवा. शेल (कमांड द्यायची जागा) आला की ‘स्लीप ६०’ देऊन हातातल्या घड्याळात बघ. १२ सेकंदांत परत आला तर डिव्हाइस ट्रीत टाइमबेस-फ्रीक्वेन्सी (टायमरचा वेग) पाचपट कमी लिहिली आहे: प्रत्यक्षात ५० मेगाहर्ट्झ, लिहिलंय १०.

इंग्रजीची भीती सोड. कर्नलमधला बदल, म्हणजे पॅच, ईमेलनं पाठवतात; त्या ईमेलला साधी, सरळ वाक्यं चालतात: काय बिघडतं, का बिघडतं, काय बदललं. पाच ओळी पुरतात. मजकूर प्लेन टेक्स्ट, खाली खऱ्या नावानं ‘साइन्ड-ऑफ-बाय’. पाठवण्याआधी चेकपॅच ही तपासणीची स्क्रिप्ट चालव, कुणाला, म्हणजे कुठल्या मेंटेनरला (तो भाग सांभाळणाऱ्याला), पाठवायचं ते गेट-मेंटेनर ही स्क्रिप्ट सांगते. मात्र कॉलेजच्या कोअरचा पॅच मुख्य कर्नलमध्ये जाईल ही आशा धरू नकोस. दुसरं कुणी वापरत नाही ते हार्डवेअर सांभाळायला मेंटेनर सहसा राजी होत नाहीत. पहिले पॅच डॉक्युमेंटेशन किंवा कंपायलरच्या वॉर्निंगवर कर.

डिग्रीनंतर सी-डॅकचा पीजी-डीईएसडी (एम्बेडेड सिस्टिम डिझाइनचा पदव्युत्तर डिप्लोमा) आहे, किंवा गेट परीक्षा देऊन एमटेक. शेजारी धारवाडलाच आयआयटी आहे. आपल्याकडं आयआयटी मद्रासचा शक्ती आणि सी-डॅकचा वेगा हे रिस्क-फाइव्ह प्रोसेसर आहेत, त्यांचा कोड आणि कागदपत्रं आत्तापासून वाचत जा.

सिनॉप्सिस देताना शीर्षकात ‘पोर्टिंग’ लिहू नकोस. ‘एमएमयू आणि टायमरची लिनक्स बूटद्वारे तपासणी’ एवढंच लिही, आणि क्यूईएमयूचा पूर्ण बूट लॉग गाइडना जोडून दे, म्हणजे तुमच्या कोअरचा लॉग कुठं तुटतो ते दोन्ही कागद शेजारी ठेवून दाखवता येईल.