अरबी नावातलं ‘अबू’ म्हणजे नेमकं काय? साहेबांना त्या नावानं हाक मारावी का?

तुमचा प्रश्न असा : कुवेतमध्ये नव्यानं रुजू झालात, साहेबांच्या कार्डावर ‘अहमद’ आहे, पण अरब सहकारी त्यांना ‘बू खालिद’ म्हणतात. हे टोपणनाव आहे का, आणि तुम्हीही तसंच म्हणावं का?

टोपणनाव नाही. याला ‘कुन्या’ म्हणतात. अबू म्हणजे बाप, उम्म म्हणजे आई, आणि पुढे बहुधा थोरल्या मुलाचं नाव. आखाती बोलीत ‘अबू’चं ‘बू’ होतं. आपल्या गावाकडच्या ‘बंड्याचे बाबा’, ‘गण्याची आई’ची आठवण होईल, पण आपल्याकडे त्यामागे नवराबायकोनं एकमेकांचं नाव घ्यायचा संकोच असायचा. अरबांत तो मान आहे. नावापुढे ‘अण्णा’ किंवा ‘दादा’ लावलं की आदर आणि जवळीक दोन्ही येतात, तसं ‘बू खालिद’मध्ये येतं.

मात्र खालिद नावाचा मुलगा असेलच असं धरून चालू नका. अविवाहितांनाही कुन्या असते. यासर अराफत ‘अबू अम्मार’ होते, पण त्यांना अम्मार नावाचा मुलगा नव्हता. पॅलेस्टिनी नेते महमूद अब्बास ‘अबू माझिन’ आहेत, ते मात्र मुलाच्या नावावरून. काही जोड्या तर ठरलेल्याच असतात : इब्राहिम असेल तर ‘अबू खलील’, अली असेल तर ‘अबू हसन’ किंवा ‘अबू हुसेन’. मूल दगावलं तरी कुन्या राहते. पैगंबरांची कुन्या ‘अबुल कासिम’, आणि त्यांचा कासिम लहानपणीच वारला होता. पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशांना मूल नव्हतं, तरी भाच्याच्या नावावरून त्या ‘उम्म अब्दुल्लाह’. म्हणून पहिल्याच भेटीत ‘खालिद काय करतो?’ असं विचारू नका. मुलीच्या नावावरूनही कुन्या होते. पैगंबरांचे सहकारी तमीम अद्-दारी हे ‘अबू रुकय्या’ होते.

बहुतेकांची गल्लत होते ती अर्थ लावताना. ‘अबू’ म्हणजे दरवेळी बापच, असं धरलं की अर्थ विचित्र लागतो. पुष्कळदा आपला ‘वाला’ हा प्रत्ययच तिथे चपखल बसतो. पैगंबरांचे सहकारी अबू हुरैरा यांचं नाव घ्या : मांजरीच्या पिल्लाचा बाप नव्हे, पिल्लूवाला. ‘अबू शनब’ म्हणजे मिशीवाला. अबू धाबी म्हणजे हरणांची जागा. ‘उम्म’चंही तसंच : गोमेला अरबीत ‘चव्वेचाळिसांची आई’ म्हणतात, ते पायांवरून. मौलाना आझादांचं ‘अबुल कलाम’ याच घडणीचं, अर्थ वाणीचा धनी. (1942 पासून नगरच्या भुईकोट किल्ल्यात कैदेत होते, तेच हे आझाद.) याची ‘अब्दुल’शी गफलत करू नका. अब्दुल म्हणजे ‘-चा सेवक’. अबुल कलाम आणि अब्दुल कलाम ही दोन नावं घडणीनं अगदी वेगळी आहेत.

जुन्या पूर्ण नावात कुन्या बहुधा आधी येते. अल-बिरूनीचं नाव घ्या : अबू रैहान (कुन्या), मुहम्मद (स्वतःचं नाव), इब्न अहमद (अहमदचा मुलगा), अल-बिरूनी (ठिकाणावरून). व्याकरणानुसार ‘अबू’चं रूप बदलतं : ‘इब्न’नंतर ‘अबी’ होतं, म्हणून ‘अली इब्न अबी तालिब’. हाक मारताना पुस्तकी अरबीत ‘या अबा…’ होतं, पण कार्यालयात ‘या बू खालिद’ पुरेसं आहे.

आता वापरायचं कधी? तुमच्यासमोर दुसऱ्यांनी कुन्येनं हाक मारली, किंवा त्यांनी स्वतःच सांगितली, की तोंडी बोलताना बिनधास्त म्हणा. तोवर ‘उस्ताद अहमद’ किंवा ‘मिस्टर अहमद’ म्हणा. पदवी आडनावाला नाही, पहिल्या नावाला लावायची. ईमेल, करार, व्हिसाच्या अर्जात कुन्या लिहू नका. तिथे पासपोर्टवरचं नाव हवं. बायकांच्या बाबतीत आखातातल्या जुन्या वळणाच्या घरांत पुरुषांसमोर बाईचं नाव घेत नाहीत, ‘उम्म खालिद’ म्हणतात. साहेबांच्या पत्नीचं नाव विचारण्यापेक्षा तेवढंच म्हणा.

नुसतं ‘मिस्टर अबू’ मात्र कधीच नको. ते ‘मिस्टर चे बाबा’ म्हटल्यासारखं होतं. संगणकाच्या अर्जांत हा घोळ हमखास होतो : ‘अबू बक्र’चे दोन तुकडे होऊन पहिलं नाव ‘अबू’, आडनाव ‘बक्र’ अशी नोंद होते. असं नाव जोडूनच भरा. अल्जीरियातल्या बूतेफ्लिकांसारख्या आडनावांत ‘बू’ कायमचं चिकटलेलं आहे, ते कुन्या म्हणून सुटं करू नका.